केळीच्या फणीला ठोके

३ फेब्रुवारी
या घराची खरी किंमत मांडतो: पाण्याच्या मोटारी दुरुस्त करण्यात गेलेली उमेदीची सगळी वर्षं, मोटारीच्या पंख्यात तुटलेलं अर्धं बोट आणि बायकोची, मोहिनीची, सोन्याची पोत. सौदा बरा झाला. आज लोणखेड्यात राहायला आलो. ऐसपैस ओसरी, मागे केळीची बाग. आधीचे मालक चुडामण याच ओसरीत लकव्याने अंथरुणाला खिळले आणि गेले, हे शेजारच्या तापीबाई पहिल्याच चहाला सांगून मोकळ्या झाल्या. मला काय त्याचं! तीन शेतांपलीकडची मोटार कोणाची आणि तिला काय दुखतं, हे मी नुसत्या आवाजावरून सांगतो. भूत असेल तर तेही ऐकू येईलच.

७ फेब्रुवारी
शहाद्याच्या डॉक्टरांनी मनगटाला घड्याळासारखा पट्टा बांधला. नाडी अडखळली की लाल दिवा. अडखळत्या हृदयात रक्ताची गाठ होते, ती मेंदूत गेली की लकवा. लाल दिसलं तर त्याच दिवशी या, असं बजावलं. माझे वडील तसेच गेले, म्हणून मुकाट बांधून घेतला.

१० फेब्रुवारी
लाल लागला. आमच्या धंद्यात मीटरचा संशय आला की ते दुसऱ्या मोटारीला लावून बघतात. मोहिनीला बांधला: हिरवा. मग गंमत म्हणून ओसरीत टांगलेल्या केळीच्या फणीला. फणीला ठोके! वर लाल दिवा. तापीबाई हसून लोटपोट: "ललितभाऊ, केळीले बी लकवा मारी का रे? ली जाय तिले डॉक्टरकडे!" मीटरच खोटं, ठरलं. पट्टा फणीवरच राहू दिला. दवाखाना रद्द.

१४ फेब्रुवारी
दुपारी ओसरीत आडवा झालो. भिंतीतून आवाज: दोन ठोके, खंड, मग घाईघाईने तीन. उठून पाहिलं, फणीवरचा दिवा त्याच तालात लुकलुकत होता. मोहिनीला काहीच ऐकू येत नाही. तापीबाईंना विचारलं. या वेळी त्या हसल्या नाहीत. भिंत कोण ठोकतंय, असं चुडामणही शेवटी शेवटी विचारायचे म्हणे.

१६ फेब्रुवारी
भिंतीपुढे नारळ फोडला. मोहिनी चिडली— अहो, नारळ कसला, आधी नाडी दाखवा. उद्या जाऊ म्हटलं. आवाज वाढलाय.

१७ फेब्रुवारी
गेलो नाही. बागेत जाऊन बसलो. आवाज तिथेही— म्हणजे भिंतीत नव्हताच. परत आलो तर फणी— उजवी बाजू काळी, लिबलिबीत. डावी हिरवीगार. मधे सुरीने आखल्यासारखी रेघ.

१८ फेब्रुवारी
उजव्या हातातून कप— जीभ जड— मोहिनी रिक्षा आणायला धावली—

डाव्या हाताने लिहितो. मोहिनी आली. समोर उभी राहून बोलते आहे. आवाज येतो. शब्द एकही कळत ना