माझ्या निळ्या कापडाची वाटणी

"पोरीच्या कपड्याला खिसा आला, की घरच्यांनी सावध ऱ्हावं." माझी पहिली जीन गावाकडे तलवाड्याच्या घरी दोरीवर वाळत होती, तेव्हा आत्या छबुबाई हे म्हणाली होती. घरचे सावध राहिले. मीही राहिले.

मी, योगिता सटवाजी डोईफोडे, वय सेहेचाळीस, अविवाहित, धंदा शिलाई, राहणार माजलगाव, पुढच्या आठवड्यात हृदयाच्या ऑपरेशनला जाणार आहे. त्याआधी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, माझ्या माघारी काय कोणाचं ते लिहून ठेवते. दाराला आतून कडी आहे.

१. तलवाड्याच्या घरातला माझा हिस्सा धाकटा भाऊ रामेश्वर याला. मागायच्या आधीच देते, म्हणजे तो माझी कपाटं उचकणार नाही.

२. दुकानाच्या भिंतीवर टांगलेल्या जिन्सा रामेश्वरची मुलगी धनश्री हिला. त्यांत काकांची बेलबॉटम आहे, माझी ढगळ पांढुरकी आहे, आणि भाचा भारतने फाटकी म्हणून जास्त पैसे मोजून आणलेलीही आहे. ती बघून आमचे वडील, आप्पा, म्हणाले होते, "माझी तर फुकटात फाटली बे!" धनश्रीच्या आईने यांच्या बाजाराच्या पिशव्या शिवू नयेत. ती शिवेल असा मला संशय आहे, म्हणून लिहिलं.

३. दुकान माझ्या स्वकष्टार्जित कमाईचं आहे. ते गाळ्यासह, मशिनींसह दुकानात माझ्याबरोबर शिवणारी मुनिरा शफी बागवान हिला देते.

याचं कारण लिहिणं भाग आहे. जीन निघाली अमेरिकेत, मजुरांसाठी. खाणीत खिसे उसवायचे म्हणून कोपऱ्यांना तांब्याच्या रिव्हेट, म्हणजे बारीक खिळ्या, ठोकल्या. पुढे सिनेमातल्या पोरांनी ती घातली आणि शाळांनी बंदी घातली. आपल्याकडे ती उलटी आली. आधी पडद्यावरच्या हिरोच्या कमरेला, मग कॉलेजात, मग वरातीत. आणि शेवटी आठवडी बाजारातल्या जुन्या कपड्यांच्या ढिगातून उसाच्या फडात. उसाचं पातं पोटऱ्या चिरतं. फडातल्या बाया नवऱ्याची जुनी जीन लुगड्याखाली चढवायच्या, कमरेला सुतळी बांधून. मुनिरा म्हणाली, "ताई, यांच्या मापाची कावून शिवू नये?" तेव्हापासून आम्ही जुन्या जिन्सा उसवून बायांच्या पँटी शिवतो. चेन बाजूला, गुडघ्याला दुहेरी कापड. आमच्या दुकानाचं नाव झालं ते त्या पँटींवर, आणि ती कल्पना माझी नव्हती.

गेल्या महिन्यात रामेश्वर आला आणि टेपने गाळ्याची रुंदी मोजू लागला.

"काय रे?"

"काही न्हाई आक्का, सहज."

सहज येणारा माणूस टेप घेऊन येत नाही. नंतर तो मुनिराशी कोपऱ्यात बोलला. ती मला काही सांगेना, म्हणून मी तिच्यावरही डोळा ठेवला. चार दिवस धागा संपला तरी वाटे, हिनेच नेला. शेवटी खोदून विचारलं. रामेश्वर तिला म्हणाला होता, आक्काचं काही बरंवाईट झालं की तेराव्याच्या आत सामान उचल, मोबाईलचं दुकान टाकायचं हाय.

"मला कावून सांगितलं न्हाईस?"

"तुमचं काळीज आधीच उसवलंय ताई. त्यात मी अजून कुठं कात्री घालू?"

४. माझी कात्री दुसऱ्या कोणालाही देऊ नये. ती मुनिराच्याच हाताला बसली आहे.

साक्षीदारांसमोर सही केली. फळवाले रहीमभाई म्हणाले, "वाचू का?" मी तळहाताने मजकूर झाकला.

सही: योगिता सटवाजी डोईफोडे
साक्षीदार: १. रहीम करीम बागवान २. मंगल रामहरी शेंडगे
माजलगाव, जि. बीड. ता. ११ नोव्हेंबर २०२४

रामेश्वरसाठी: तुझ्या नावापुढे एक ओळ कोरी सोडली आहे. मला ऑपरेशनला नेण्याआधी ये आणि 'दुकान मुनिराचं, मला मान्य' एवढं लिहून सही कर. कोर्टात लागतं म्हणून नाही. मी बघत असताना कर. तू करणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी ये.

मान्य: रामेश्वर सटवाजी डोईफोडे ..............................