चार चाकांखाली चार काटे

५ जानेवारी

पुन्हा तेच भांडण! कॉलेजच्या रेसगाडीला स्प्रिंग कुठल्या बसवायच्या? कॅप्टनला हवेच्या हव्यात — "हलक्या असतात, आणि सगळे त्याच लावतात." सगळे म्हणजे त्याने मोबाईलवर पाहिलेले दोघं. मी म्हटलं, साध्या पोलादी कॉइलच लावू. गळत नाहीत, नखरे करत नाहीत. सरांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, "तुम्हीच ठरवा" म्हणाले आणि चहाला गेले. थोर माणूस.

६ जानेवारी

जिंकले! कॉइल ठरल्या. पण कॅप्टनची अट — गाडी वाकडी उभी राहिली तर सस्पेन्शनचं, म्हणजे स्प्रिंगांचं काम त्याच्याकडे आणि मी स्टिकर चिकटवायला. तीन वर्षं घातलीत मी या गाडीत. स्टिकर!

९ जानेवारी

कुठल्या चाकावर किती भार येतो ते कळल्याशिवाय स्प्रिंग मागवता येत नाहीत. गाडी तोलायचे खास काटे आमच्याकडे कुठले असायला? चौघांनी घरचे वजनकाटे आणायचे ठरलं. आई आमचा देईना. बाबा दुखण्यातून उठल्यापासून दर रविवारी ती त्यांना त्यावर उभं करते आणि वजन भरतंय का म्हणून चष्मा लावून आकडा वाचते. जेलर परवडला! बाबा मात्र खुशीत — "ने गं, ने. हवे तितके दिवस ठेव." बिचाऱ्यांची सुटका झाली.

१० जानेवारी

चार चाकांखाली चार काटे, सीटवर कॅप्टन. पुढचं डावं चाक जड भरलं. त्या कोपऱ्यासाठी जास्त कडक स्प्रिंग मागवली. हे फक्त माझ्याच लक्षात आलं. हुशार आहे मी.

२ फेब्रुवारी

स्प्रिंग बसवल्या. गाडी डावा खांदा उडवून उभी — 'मला काय माहीत!' म्हणत असल्यासारखी. कॅप्टनने नुसता स्टिकरचा गठ्ठा माझ्या हातात ठेवला. सर म्हणाले, "शनिवारपर्यंत बघू." म्हणजे शनिवारी मी गेले.

४ फेब्रुवारी

गणित तीनदा तपासलं. बरोबर आहे. वर्कशॉपच्या मागे जाऊन थोडं रडले.

५ फेब्रुवारी

सापडलं!! पुन्हा वजन करावं म्हणून काटे मांडले, तर पुढच्या डाव्या चाकाखाली ठेवलेला आमचा काटा रिकामाच सहा किलो दाखवतोय! मागची छोटी चकती फिरवली — आला शून्यावर. त्या दिवशी सात भावी इंजिनिअर त्याच्याभोवती गुडघे टेकून बसले होते. रिकामा काटा कुणी पाहिलाच नाही, थेट चाक ठेवलं!

म्हणजे माझं गणित बरोबर, काटाच खोटा. आता डावीकडेही उजवीसारखीच स्प्रिंग येईल. सर हसून हसून खोकले. कॅप्टन म्हणाला, "हवेच्या असत्या तर पंप मारून जुळवून घेतलं असतं." खोड जायची नाही त्याची. स्टिकरचा गठ्ठा त्याला परत दिला. दोन्ही हातांनी, अदबीने.

७ फेब्रुवारी, रविवार

काटा घरी आणला. आई चष्मा शोधत होती. आता बरोबर वजन दाखवतो, असं मी ऐटीत सांगितलं. बाबा काट्यावर चढेनात. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "तो सहावरच ठेव ना गं. आईला कळायला नको."