दुसऱ्या बाकावरच्या बायका

६ मार्च, गुरुवार

दार बंद. फक्त आमच्यासाठी.

न्यायालयाच्या दारावरचा शिपाई डॉब्स. इतक्या वर्षांत त्याने आमच्या पर्स कधी उघडायला लावल्या नाहीत. आज मान खाली घालून म्हणाला, साहेबांचा हुकूम आहे, आत फक्त मुलाची आई, वकील आणि काउंटीच्या बालकल्याण खात्याची माणसं. आमच्यातल्या मिस अर्लीनने विचारलं, पुढच्या गुरुवारी? तो म्हणाला, मला नका विचारू, मॅडम.

आम्ही सहाजणी होतो. डोक्यावर हॅट, अंगात चर्चला घालायचे रविवारचे कोट. पेपरमिंटच्या गोळ्या बाहेरच सोलून तोंडात टाकलेल्या – आत कागद चुरचुरायला नको म्हणून. दार लागता लागता पुढच्या खुर्चीतल्या आईची पाठ दिसली. ती मागे वळली नाही. आम्ही आहोत असंच समजली असणार.

हे माझ्यामुळे झालं. लिहून टाकते म्हणजे उद्या वेगळं सांगता येणार नाही.

शनिवारी आमच्या संस्थेचं – मुलं काढून घेतलेल्या आयांना मदत करते ती – देणगीदारांचं जेवण होतं. मला मानपत्र दिलं. संचालक होऊन वर्ष झालं – हंगामी संचालक. चारशे माणसं, पांढरे टेबलक्लॉथ. लिहून नेलेलं भाषण वाचलं आणि मग कागद बाजूला ठेवून एक वाक्य बोलले. ‘आम्ही बाकावर बसून बघतो – काळ्या आईचं मूल जेवणाच्या सुट्टीआधी जातं, गोऱ्या आईला पुढची तारीख मिळते.’ लोक उभे राहिले. टाळ्या. मंगळवारी ते वाक्य वर्तमानपत्रात आलं, माझ्या फोटोखाली.

वाक्य खरं आहे. चूक पहिल्या चार शब्दांत आहे. आम्ही बाकावर बसून बघत नाही. निदान न्यायाधीश हॅस्केटना तसं आम्ही कधी सांगितलं नाही. मूल परत मागायला आलेल्या आईच्या मागे, दुसऱ्या बाकावर, आम्ही बसतो. बोलत नाही, मान हलवत नाही, न्यायाधीशाकडे पाहत नाही. आईच्या पाठीकडे पाहतो. कोणी विचारलं तर – आम्ही तिची माणसं. एवढंच.

आता आम्ही साक्षीदार झालो. मी केलं.

७ मार्च

लिडिया कॉर्बिनचा फोन. तिनेच संस्था काढली, आता निवृत्त आहे, पण मंडळावर आहे. आवाज मऊ. ‘काळजी करू नकोस, व्हर्नेटा. हॅस्केटला मी कॉलेजपासून ओळखते.’

फोन ठेवल्यावर बराच वेळ हात फोनवरच होता.

८ मार्च, शनिवार

मिस अर्लीनच्या स्वयंपाकघरात सगळ्या जमलो. तिने कॅटफिश तळला होता, मक्याचा पाव, पालेभाजी. पोट भरेपर्यंत न्यायालयाचा विषय कोणी काढला नाही. ही तिची पद्धत. रिकाम्या पोटी माणसं एकमेकांना नको ते बोलतात म्हणते.

मग रूथेल सुरू झाली. म्हणाली, ‘हॉटेलातली कोंबडी रबरासारखी असते. तीच चघळत बसली असतीस तर तोंड बंद राहिलं असतं.’ सगळ्या हसल्या. मीही.

मी माफी मागितली. मिस अर्लीन म्हणाली, माफी कशाची, खोटं बोललीस का? नाही. मग गप्प बस आणि पाव खा. पण नंतर ताटं उचलताना माझ्याकडे न बघता म्हणाली – ‘वीस तारखेला जोलिसाची तारीख आहे.’

जोलिसा ब्रँटली. तिची मुलगी नाइमा, सहा वर्षांची, मागच्या हिवाळ्यापासून परक्या घरात. कारण काय, तर घरातला हीटर बंद पडला होता आणि शेजारणीने काउंटीला फोन केला. त्यांनी सांगितलं ते सगळं जोलिसाने केलं. नवं घर, पालकत्वाचे वर्ग, दर आठवड्याला लघवीची तपासणी – दारूला कधी हात न लावलेली बाई! वीस तारखेला कळणार, मूल घरी येतं की कायमचं जातं. तिने आम्हाला एकच मागितलं होतं. मागे बसा. एकटी दिसले तर ते मला एकटीच धरतील.

मीही एकदा त्या पुढच्या खुर्चीत बसले होते. माझा मुलगा तेव्हा चार वर्षांचा. काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, काही आठवत नाही. मागून पेपरमिंटचा वास येत होता तो आठवतो.

१० मार्च, सोमवार

मंडळाची बैठक. पहिली वीस मिनिटं मी होते, मग अध्यक्ष म्हणाले, थोडा वेळ आपल्यात बोलायचंय. म्हणजे माझ्याशिवाय. मी बाहेर पाण्याच्या नळाजवळ उभी राहिले. काचेच्या दारातून त्यांचे हात दिसत होते, शब्द नाही.

परत बोलावलं तेव्हा सगळं ठरलं होतं. लिडिया हॅस्केटशी बोलली आहे. तो वाजवी माणूस आहे. त्याला लेखी दिलगिरी हवी – वाक्य निराधार होतं, भावनेच्या भरात बोलले गेले, मागे घेते. वर्तमानपत्रालाही तेच पाठवायचं. मग बाक पुन्हा सगळ्यांना खुला. मी सोडून. मी आत यायचं नाही.

मी म्हटलं, वाक्य निराधार नाही. कुठल्या आईचं मूल गेलं, कुठलीला तारीख मिळाली, याच्या तीन वर्षांच्या नोंदी आहेत. कोषाध्यक्ष म्हणाले, नोंदी कोणी नाकारत नाही. लिडिया म्हणाली, ‘व्हर्नेटा, मी तुला ओळखते, म्हणून सांगते. खरं असणं आणि उपयोगी असणं या दोन गोष्टी आहेत.’

खोलीत मी एकटी काळी होते. हे इतक्या वेळा लिहिलंय की आता नुसतं हवामान लिहिल्यासारखं वाटतं.

११ मार्च

मजकूर त्यांनीच तयार करून पाठवला. सुबक आहे. सही केली नाही.

१२ मार्च, बुधवार

जोलिसाला भेटायला गेले. ती शाळेच्या भोजनगृहात काम करते – दुसऱ्यांच्या पोरांची ताटं भरते. मधल्या वेळात मागच्या पायरीवर बसलो. डोक्यावर जाळीची टोपी तशीच.

मी सगळं नीट सांगितलं. दिलगिरी, अट, मला आत बंदी. हेही सांगितलं की ते वाक्य मागे घेतलं तर पुढच्या प्रत्येक आईच्या वेळी ते आमच्या तोंडावर फेकतील – तुमच्याच बाईने लिहून दिलंय, निराधार. वकिलांनी नोंदी वापरायचं ठरवलं होतं, तेही आता अवघड होईल. मी फार चांगलं बोलत होते. व्यासपीठावर बोलते तसं. माझं मलाच ऐकू येत होतं.

तिने संपेपर्यंत ऐकलं. मग विचारलं, ते वाक्य बोलण्याआधी तुम्ही मला विचारलं होतं का?

नाही.

‘तुमचं खरं तुमच्यापाशी ठेवा, मिस व्हर्नेटा. माझी पोर त्याची किंमत का देईल?’

आतून कोणीतरी तिला हाक मारली. उठताना म्हणाली, नाइमाचा पुढचा दात पडला, तिने फोनवर सांगितलं, कुठला ते दाखवता येईना म्हणून रडली.

रागावली नव्हती. त्यापेक्षा रागावली असती तर बरं.

१३ मार्च, गुरुवार

बाक आजही रिकामा. मिस अर्लीन आणि रूथेल तरी कोट घालून गेल्या. बाहेरच्या व्हरांड्यात बसून आल्या. दोन आया आत गेल्या होत्या. दोघींची मुलं गेली. जेवणाच्या सुट्टीआधी.

१४ मार्च

सही केली.

मिस अर्लीनला फोनवर सांगितलं. ती ‘बरं’ म्हणाली. मग म्हणाली, ‘पोरी, जेवलीस का?’

१८ मार्च

दिलगिरी छापून आली. पान सहा. फोटो तोच वापरला – हसरा.

चर्चमध्ये बायबलच्या वर्गाला गेले नाही. डोकं दुखतंय सांगितलं. दुकानात एक तरुण मुलगी भेटली, कधीतरी आमच्याकडे काम शिकायला यायची. माझ्याकडे पाहिलं, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि मग दह्याच्या डब्यावरची तारीख वाचू लागली.

२० मार्च, गुरुवार

बाक आत. मी बाहेर.

डॉब्सने माझ्यासाठी एक खुर्ची आणून ठेवली. घेतली नाही, मग घेतली. दार जाड आहे, आवाज येत नाही. मी जोलिसाची पाठ मनात आणायचा प्रयत्न केला. मला फक्त तिची जाळीची टोपी दिसत राहिली.

बराच वेळ. एकदा दार उघडलं, एक कारकून बाहेर आला, फटीतून पाच हॅट दिसल्या, सरळ, एका रेषेत. एकही हलली नाही. दार लागलं.

मग सगळ्या बाहेर आल्या. रूथेलने आधी माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पाहून मला काही कळेना, कारण ती कधीच अशी रडत नाही. मागून जोलिसा आली. उद्या सकाळी नाइमा घरी. कायमची. जोलिसा मला ओलांडून भिंतीपाशी गेली आणि कपाळ भिंतीला टेकवून उभी राहिली. मिस अर्लीनने तिच्या पाठीवर हात ठेवला.

नंतर जोलिसा माझ्याकडे आली. म्हणाली, सही केलीत, ती करताना काय सोसलं असेल ते मला माहीत आहे. मला वाटलं, तिला माहीत नाही. मग वाटलं, माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल.

घरी येऊन झोपले. संध्याकाळचे पाच वाजले होते.

२४ मार्च, सोमवार

मंडळाने मला कायम केलं. एकमताने. ‘हंगामी’ शब्द गेला.

अध्यक्ष म्हणाले, या महिन्यात तुम्ही जी परिपक्वता दाखवलीत तिने आमची खात्री पटली. लिडियाने मिठी मारली. ‘आता तुला काम कसं चालतं ते कळलं.’ तिचे डोळे खरोखर भरले होते. ती वाईट बाई नाही. हेच तर.

मी आभार मानले. हो म्हणाले. या पदासाठी इतकी वर्षं थांबले होते, मग दुसरं काय म्हणणार होते? दारावरची पाटी बदलायला माणूस आला. त्याने माझं नाव दोनदा विचारून घेतलं, चूक नको म्हणून.

२५ मार्च, मंगळवार

मिस अर्लीन कार्यालयात आली. एकटी. रविवारचा कोट. नव्या पाटीकडे पाहून मान हलवली. बसली नाही.

म्हणाली, आम्हीही बैठक घेतली, माझ्याच स्वयंपाकघरात. बाक आता संस्थेचा नाही. तुमचं पत्रक, तुमचा शिक्का, तुमच्या मंडळाचं नाव – काहीच नको. लिडिया यायच्या आधी आम्ही चर्चतर्फे बसतच होतो, पुन्हा तशाच बसू. हॅस्केटने कोण म्हणून विचारलं तर सांगू, तिची माणसं.

मला वाटलं, मला टाकलं. तोंडावर दिसलं असणार. कारण ती जवळ आली, माझी कॉलर सरळ केली, लहान मुलीची करतात तशी.

‘आता तुझ्या बोलण्याने आमचं दार बंद व्हायचं नाही. तेव्हा बोल.’

ती गेली. जिन्यावर तिची पावलं ऐकू येईनाशी होईपर्यंत थांबले. मग वर्तमानपत्राच्या कचेरीत फोन लावला. म्हटलं, ती दिलगिरी माझी होती, मागे घेतेय. लिहून घ्या.