बोनेटवरचा चहा

मु. चिचटोला, ता. कुरखेडा
५ जानेवारी २०२५

ती. बाबांना,

करिष्माचा नमस्कार. इकडे सगळे ठीक. धान घरात आले. थंडीने सासूबाईंचा गुडघा कुरकुरतो आणि सासरे त्याच्याहून जास्त कुरकुरतात. तुमचे आणि आईचे बरे चालले असेल असे धरून चालते.

फोन तुम्ही उचलत नाही. तुमच्या लेकाच्या, विक्कीच्या फोनवरून केला तर माझा आवाज ऐकताच त्याच्या हातात परत देता. म्हणून पत्र. फाडून टाकाल अशी भीती नाही, कारण हात पुसायला जुने वर्तमानपत्रसुद्धा जपून ठेवणारा माणूस आहात तुम्ही. चष्मा लावा आणि एकटेच वाचा. आईला वाचायला देऊ नका.

बातमी अशी की आमच्या पिकअपच्या इंजिनाखालचे फाउंडेशन तुटले. दोन्ही बाजूंचे. इकडचे रस्ते तुम्ही पाहिले नाहीत, पाहिले असते तर गाडीपेक्षा आम्हालाच आधी गॅरेजात घेतले असते. गिअरचा दांडा थरथरायचा, क्लच सोडला की गाडी धक्का द्यायची. बोनेट उघडून पाहिले तर इंजिन एका अंगाला कललेले आणि खालचे रबर चिरून लोंबत होते. तुमचा जावई लोकेश म्हणाला, वडशाचा मिस्त्री बोलावू. मिस्त्री म्हणाला, गाडी आणून ठेवा, सवड झाली की बघतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा लोकेश त्याला पुन्हा फोन लावायला निघाला. मी म्हटले, थांब. ही गाडी मी उघडणार, इथेच, अंगणात.

एकटीने, तुमच्याशिवाय, मला हे जमते का ते बघायचे होते. का बघायचे होते ते पुढे सांगते.

नवे फाउंडेशन लोकेशने नागपूरहून आणले. चाकांना दगड लावले, बॅटरीची तार काढली. इंजिन वर ओढून धरायला चेन कुप्पी कुठून आणणार? ऑइल चेंबरखाली सागाची जाड फळी ठेवली आणि फळीखाली जॅक. चेंबरला लोखंड लागू द्यायचे नाही हे तुम्ही किती वेळा ओरडून सांगितले असेल. नुसत्या जॅकच्या भरवशावर हात घालायचा नाही म्हणून शेजारी साजाचे ओंडके रचले. सासूबाई, म्हणजे सुकरीबाई, सूप घेऊन बाजूला बसल्या होत्या. जुने रबर काढून दाखवले तर हसून म्हणाल्या, "इंजिनले बी बसाले गादी लागते म्हना!" या घरात मला हसणारे लोक मिळाले आहेत, बाबा. तुम्ही कधी विचारले नाही म्हणून आपणहून सांगते.

हो, सतरा नंबरचा रिंग पाना तुम्ही अजून शोधत असाल. तो माझ्याकडे आहे. लग्नानंतर मी या घरी यायला निघाले तेव्हा आईने बसस्टँडवर लपून माझी ओटी भरली होती. तांदूळ, नारळ, खण आणि खाली तो पाना. तिला बोलू नका. नांदायला लागेल ते आईने दिले, बस.

डावीकडचे फाउंडेशन बसले आणि मला इतका आनंद झाला की बोल्ट कचकचून आवळून टाकले. मग उजवीकडचे भोक काही केल्या जुळेना. बोटभर फरक. सासरे, पत्रूमामा, ओसरीतल्या पहारीकडे बघत म्हणाले, "बाई, सब्बल आणू का? दोघं जोर लावू, कसं बसत नाई पाहू." लोकेशने हातोडा उचलला. तेवढ्यात मला तुमचा आवाज ऐकू आला, शपथेवर सांगते: "हातोडा ठेव खाली! बसत नसल म्हणजे तुनं आंधीच कुठंतरी आवळलं हाय. ढिलं कर. त्याले आपल्या जागी बसू दे, मंग आवळ."

डावीकडचे सगळे ढिले केले. जॅक थोडा उतरवला, इंजिनाला हाताने हलवले. उजवीकडचा बोल्ट बोटांनी आत गेला. मी गाडीखाली पडून रडले. घरच्यांना वाटले डोळ्यात ग्रीस गेले.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतले ते.

गॅरेजचे शटर दिवाळीपासून बंद आहे. लोकांना सांगता, मंदी आहे. चिमूरला मंदी आली आणि नेमकी आपल्याच गल्लीत शिरली! विक्की तिथे मोबाइलचे दुकान टाकायचे म्हणतो आणि तुम्ही संक्रांतीनंतर किल्ली देतो म्हणालात. शेजारच्या कलाबाईंच्या नातवाच्या बारशाला तुम्ही चहाला नको म्हणालात असे आईने सांगितले. तुम्ही! जे अंत्ययात्रेहून येतानाही चहा सोडत नाहीत. आईने कारण सांगितले नाही, मला सांगायची गरज पडली नाही. माझ्या लग्नाच्या आधीच तुमचा पाना बोल्टवर वाजायला लागला होता. मी ऐकायची आणि गाणे मोठे करायची.

बाबा, तुमचे हात थरथरतात. लिहिले एकदाचे.

मला तुमचा राग येतो. गोंडाच्या घरात गेलीस, आता गॅरेजची पायरी चढू नको, असे म्हणालात, तो राग आहेच. पण त्याहून जास्त राग याचा येतो की हात थरथरतो म्हणून तुम्ही कान पण बंद करून टाकले. नुसता आवाज ऐकून गाडीचे दुखणे सांगणारा दुसरा माणूस आहे का चिमुरात? हात माझ्याकडे आहेत. ते तुम्हीच तयार केलेत. तुम्ही खुर्चीवर बसा, ओरडा, मी गाडीखाली जाईन. लोकेशला विचारले तर म्हणाला, "पिकअप कुठूनबी धावते. गॅरेज थोडीच उठून इथी येते?" चिमुरात खोली घेऊ, रोवणीला आणि कापणीला इकडे येऊ. सासू-सासऱ्यांनी हो म्हटले आहे. तुमचेच राहिले आहे.

काम झाल्यावर तुमची रीत पाळली. इंजिन चालू ठेवून बोनेटवर काठोकाठ चहाचा ग्लास ठेवला. चहा सांडला तर काम झाले नाही, नाही सांडला तर शेवटचा बोल्ट आवळणाऱ्याने प्यायचा. थेंब सांडला नाही. सगळे म्हणाले, पी. मी प्याले नाही, कारण पास-नापास तुम्ही सांगायचे असते.

म्हणून संक्रांतीला येते. पायरी चढणार नाही. गाडी गॅरेजसमोर रस्त्यावर लावीन, इंजिन चालू ठेवीन आणि बोनेटवर ग्लास ठेवीन. तिळगूळ देईन, पण गोड बोला म्हणणार नाही. बोलला नाहीत तरी चालेल. फक्त शटर वर करा आणि बघा. चहा सांडला तर त्याच पावली परत जाईन आणि किल्ली खुशाल विक्कीला द्या.

नाही सांडला, तर तो चहा तुम्ही प्यायचा, सगळ्या गल्लीसमोर. ग्लास मी धरीन.

तुमच्याच हाताखालची,
करिष्मा