ऊब

६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

त्या जखमेपायी पायाचा अंगठा कापायचं ठरण्याआधी तुझं नाव लेसरच्या प्रयोगात लागलं, हे बरं झालं. जखमेच्या कडेला मूलपेशी निजून असतात. लेसरचा लाल प्रकाश पडला की जाग्या होतात आणि मांस भरू लागतं, असं आमचे साहेब म्हणतात. मी फक्त यंत्रं जोडतो. ती दोन आहेत, अ आणि ब; प्रत्येक रुग्णाला त्यातलं एक अक्षर नेमून दिलेलं असतं. एकात लेसर, दुसऱ्यात तुलनेसाठी साधा लाल दिवा. पाय पडद्याआड घालायचा. कोणाच्या वाट्याला काय आलं, ते डॉक्टरांनाही ठाऊक नसतं. पायाला काही जाणवतं का, लगेच कळव. अंगठा वाचलाच पाहिजे. बसचा ब्रेक दाबायला दुसरा कुठून आणशील?

लोभ असू दे, पथ्यही असू दे.
तुझा धाकटा

१५ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मूलपेशी निजतात हे वाचून धीर आला. वीस वर्षं शाळेची बस चालवते आहे. निजलेली मुलं उठवून थांब्यावर उतरवण्यात हयात गेली. तुझ्या यंत्राला जमेल का, शंकाच आहे. रोज वीस मिनिटं पाय पुढे करून बसते. शेजारी एक निवृत्त पोस्टमन असतात. त्यांची जखम माझ्याहून जुनी, आणि गप्पा जखमेहून लांब.

तू विचारलंस म्हणून सांगते, छान ऊब लागते. अगदी हाडापर्यंत. आता तरी नीट जेव.

माया आहेच, पत्रं तेवढी येऊ देत.
ताई

२४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे वाचून फाडून टाक. आमचा लेसर थंड असतो. ऊब लागते ती दिव्याची. म्हणजे तुझ्या नशिबी दिवा आला होता. चार दिवस अन्न गोड लागलं नाही. रविवारी देखभालीच्या निमित्ताने दवाखान्यात येऊन गेलो आणि दोन्ही यंत्रांवरच्या अ-बच्या पट्ट्यांची अदलाबदल केली. तुझ्या घरी आलो नाही. माझा चेहरा तुला वाचता येतो. सोमवारपासून तुला खरा लेसर मिळतो आहे. जन्मात एकदा अक्कल चालवली, शाबासकी तरी दे.

राग आला तरी लोभ कमी नसावा.
तुझा धाकटा

१ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र फाडलं. त्याआधी तीनदा वाचलं.

ऊब कधीच लागली नव्हती. तू इतक्या आशेने विचारलंस, काहीच वाटत नाही असं कसं लिहायचं? म्हणून ऊब लिहिली. जखम मात्र नाण्याएवढी होती ती डाळीच्या दाण्याएवढी झाली होती. पुरती भरली की एकदम कळवणार होते. सोमवारपासून खरोखरच ऊब लागते आहे आणि जखम पुन्हा ओली झाली आहे. डॉक्टर आता अंगठ्याकडे बघत नाहीत, कॅलेंडरकडे बघतात.

पट्ट्या पुन्हा बदलायला येऊ नकोस. पोस्टमनकाकांची जखम आठवड्यात सुकू लागली. उशिरा का होईना, देवाने पाहिलं, म्हणतात. तो देव लहानपणी माझी पेन्सिल चोरायचा, हे त्यांना सांगवत नाही.

साहेबांना सगळं सांग. उद्याच सांग. तुझी नोकरी जाईल. माझा अंगठा गेला तर बसही जाईल. मग दोघं एकाच घरात बसू. निदान एकमेकांना पत्रं लिहावी लागणार नाहीत.

लोभ आहेच. तोच नडला.
ताई