मिठाचा दगड पैलतीरी परत देण्याबाबत

मी, रुपा टेकचंद शरणागत, वय तेवीस, शिक्षण एम.ए. (इतिहास), राहणार बपेऱ्याजवळील नदीकाठचे गाव, तालुका तुमसर, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. येत्या सोमवारी नागपुरात माझ्या हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे. माझी बुद्धी शाबूत आहे व माझ्यावर कोणाचा दबाव नाही. भीती आहे, परंतु भान सुटलेले नाही.

१. माझी सर्व पुस्तके धाकटी बहीण गुड्डी हिला. पानांचे कोपरे दुमडू नयेत. सायकलही तिलाच, ब्रेक तिनेच बिघडवले आहेत.

२. आजी गोदावरीबाईने मला दिलेला अंगणातील पोकळ दगड. पूर्वी लमाणांचे तांडे बैलांवर मीठ लादून याच घाटाने नदी उतरत व धान घेऊन परतत. मीठ या दगडात मापले जाई. दगड ज्या काठावर, बाजार त्या काठावर. आणि बाजार ज्याच्या हाती, पंचायत त्याची. नदी दोन राज्यांची सीमा झाली, तरी हे बदलले नाही.

३. दहावीत मी निबंधात लिहिले की, दगड मुळापासून आमच्याच गावचा. जिल्ह्यात पहिली आले. आता काका भूपेंद्र यांनी तोच निबंध येत्या १ मेच्या ग्रामसभेतील ठरावाला जोडला आहे : पलीकडच्या विक्रेत्यांना बाजारात जागा देऊ नये.

गेल्या वर्षी आजीला निबंध वाचून दाखवला. ती म्हणाली, “नदी आटली तवा तुह्या आज्यानं तो दगड बंडीवर घालून आनला वं. पल्याडचा बाजार उठला. तू पुस्तकाले इचारलं, मले कायले नाही इचारलं?”

मी वर्षभर गप्प राहिले. आज निबंध मागे घेते. दगड पैलतीरी परत द्यावा. बैलबंडी वडिलांनी हाकावी. पलीकडून मुरमुरे विकायला येणाऱ्या सीताबाई मला म्हणाल्या, “दगड नेल्यानं बाजार थोडी येते, बाई. मले बसाले जागा राहू द्या म्हना.” म्हणून मतदानापूर्वी हे कलम सभेत वाचावे.

४. निबंधाचे पदक भूपेंद्रकाकांना. ते माझ्यापेक्षा त्यांच्याच अधिक उपयोगी पडले. पाचवीपासून दर रविवारी मला तुमसरच्या वाचनालयात त्यांनीच नेले, हेही येथे नोंदवते.

५. कलम तीन माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. मी नसल्यास गुड्डीने वाचावे. परतले तर मी स्वतः उभी राहून वाचीन. आवाज कापेल, मागच्यांनी कृपया “मोठ्यानं” म्हणू नये, पुढे सरकून बसावे.

स्थळ : तुमसर
दिनांक : १२ मार्च २०२५
(सही) रुपा टेकचंद शरणागत

आमच्यासमक्ष सही केली :
१. सीताबाई, राहणार पैलतीर (डाव्या अंगठ्याचा ठसा)
२. ताराचंद बिसेन, निवृत्त शिक्षक. सदर निबंधास पैकीच्या पैकी गुण मीच दिले होते. (सही)