ऊन दाखवलेला कॅमेरा

गोरेगाव,
चैत्र महिना, २००८

प्रिय राधिका बाई,

तुझ्या बापाचा कॅमेरा बोलला! काल दुपारी बोलला. कटक, असा. चिमणीनं एकदाच चोच वाजवावी तसा. तुझी माय तव्यावर भाकर टाकून पळत आली, भाकर जळली, आणि ती जळकी भाकर आमी दोघींनी हसून हसून खाल्ली. हे आधी लिहिते, बाकीचं मागून. तू म्हणशील, आजीनं एवढे कागद काळे काहून केले, रुख्मिणीबाईकडं फोन हाय की. हाय. पण मी बोलत असले की रुख्मिणीबाई शेजारी बसून मला काय म्हणायचं ते तीच सांगते. परवा तुला "जेवलीस का" विचारायच्या आधी तिनंच तिच्या गुडघ्याची तकलीफ सांगितली. म्हणून पत्र. साक्षरता वर्गाच्या मास्तरानं मला सहीपुरतं शिकवलं, बाकीचं तू शिकवलंस, सात वर्षांची होतीस. माझी वेलांटी चुकली की पाटीवर पट्टी आपटायचीस. आता नर्सबाई होऊन राहिलीस नांदेडात, तरी वेलांटी मोजशीलच. मोज.

तर कॅमेरा. तू जाताना म्हणालीस, आजी, ते भंगारात दे. मला ते बराबर वाटलं न्हाई. बाजाराच्या दिवशी धर्मसिंग येतो ना, घड्याळं दुरुस्त करणारा, तो पहिले हिंगोलीत फोटोच्या दुकानात कामाला होता. त्याला घरी बोलावलं. तो मला याडी म्हणतो, त्यांच्या तांड्यात आईला याडी म्हणतात. त्यानं कॅमेरा उघडला आणि म्हणाला, याडी, ह्याचा भाता उंदरानं खाल्ला, कमानी गंजली, भंगारवाला पण ह्याला उचलणार न्हाई. मी म्हणलं, भंगारवाल्याला विचारलं न्हाई, तुला विचारलं. भाता म्हणजे ते पुढं ओढलं की उलगडतं ते घडीघडीचं कातडं, लोहाराच्या भात्यासारखं. लोहाराचा भाता तू पाहिलेला हाय. धर्मसिंग म्हणे, नवा भाता आता कुठंच मिळत न्हाई. मला हसू आलं. शेरडामेंढरांत जन्म गेलेल्या बाईला कातडं मिळत न्हाई म्हणतो! तुझ्या आजोबानं ठेवलेलं करडाचं कातडं होतं, कमावलेलं, मऊ, तुझ्या कानाच्या पाळीसारखं. ते मी तासून तासून कागदासारखं पातळ केलं. आतून छत्रीचं काळं कापड. घड्यांमधे लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, आपल्या घरात तेवढा तरी भरपूर हाय. चिकटवायला सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन. आणि कमानी, म्हणजे आतली स्प्रिंग, त्यानं आपल्या बंद पडलेल्या गजराच्या घड्याळातली काढून, कापून बसवली. ते घड्याळ तुझ्या बापाला उठवायला घेतलं होतं, त्यानं तो कधी उठला न्हाई. आता त्याच्याच कॅमेऱ्यात जाऊन बसलं. चार बाजार गेले ह्या कामात.

शिवहार असता तर म्हणाला असता, आई, तू माझ्या कॅमेऱ्याची शेळी करून टाकली. असंच बोलायचा. चार गावची लग्नं, बारशी, बैलं, सगळ्यांचे फोटो काढले त्यानं, आणि त्याचा स्वतःचा एक फोटो न्हाई. त्याच्या लग्नात तर गंमत झाली. फोटोवाला तोच आणि नवरदेव पण तोच, काढणार कोण? तू शाळेत असताना मला किती बारी विचारलंस, आजी, बाबा दिसायला कसे होते. मी म्हणायची, थांब, कॅमेऱ्यात हाय. कारण एक फोटो होता. तू दोन वर्षांची होतीस, तेव्हा त्यानं कॅमेरा माझ्या हातात दिला आणि तुला खांद्यावर घेऊन उभा राहिला. आठ फोटोंचा रोल, तो पाचवा होता. रोल भरल्याशिवाय धुवायला द्यायचा न्हाई म्हणायचा, वाया जातो. तीन राहिले होते. मग कावीळ झाली, आणि बाराव्या दिवशी तो गेला. कॅमेरा पेटीत राहिला.

दोन वर्षांमागं तू तो रोल हिंगोलीला नेलास. तुला एसटीत बसवलं आणि मी दिवसभर दारात. संध्याकाळी येऊन तू म्हणालीस, आजी, रोल कोराच होता, बाबांच्यानं कॅमेऱ्यात बरोबर बसला नसंल. मला शिवहारचा राग आला, खरं सांगते. मेलेल्या लेकराचा राग आला, की एवढा फोटोवाला आणि स्वतःच्या वेळेला चुकला. तू जेवली न्हाईस, म्हणालीस एसटी लागली.

मागच्या बाजारी भाता तयार झाला. धर्मसिंग म्हणाला, कोठीचं दार लाव, भोकं पाहू. भर दुपारी अंधार केला, त्यानं भात्यात बॅटरी लावली, आणि कातड्यावर दोन चांदण्या चमकल्या. दोन भोकं. मी म्हणलं, एवढ्याशा भोकानं काय होतंय? तो म्हणाला, याडी, सुईच्या टोकाएवढा उजेड आत गेला तरी फोटो जळतो. माझ्या हातातून सोल्युशनची नळी पडली. मी विचारलं, आणि ऊन लागलं तर? तो हसला, म्हणे, ऊन लागल्यावर राहतंय काय! मग चामड्याच्या पिशवीच्या तळातून त्यानं कोण्या जुन्या गिऱ्हाइकाची गुंडाळी काढली, काळीकुट्ट, डांबरासारखी. म्हणाला, हा बघ, असा होतो, कोणीतरी ऊन दाखवलं ह्याला. मी विचारलं, कोरा रोल धुतला तर? तो काचेवानी पांढरा निघतो, म्हणाला.

बाई, ते ऊन मी दाखवलं. चैत्रात अंगणात हळद पसरली, पापड-कुरड्या पसरल्या, गोधड्या टाकल्या, की मी शिवहारचा कॅमेरा पण आणायची. त्याला कसर लागू नये म्हणून. झाकण उघडायची, आतला रोल उलगडायची, मऊ लुगड्यानं पुसायची आणि सांजेला परत गुंडाळून ठेवायची. जपून. चौदा वर्षं, एक चैत्र चुकवला न्हाई. पोरीला तिचा बाप दाखवायचा म्हणून.

त्या दिवशी तुझ्या हातात पण अशीच काळी गुंडाळी पडली असंल, ती तू दडवलीस आणि मला कोरा म्हणालीस. सोळा वर्षांचं लेकरू, बापाचा फोटो गेलेला, आणि आजीला कळू नये म्हणून बापावर चूक घातलीस. भंगारात दे काहून म्हणालीस, ते पण आता कळलं. मी तुला रागावत न्हाई. फक्त आता खोटं वागवू नको, मला माहीत हाय.

हे पत्र त्यासाठी लिहिलं. कॅमेऱ्याचे सुटे भाग मिळाले, फोटोचा मिळत न्हाई. पण त्या दिवशी काचेत पाहणारी मी होते, दुसरं कोणी न्हाई, तर मी पाहिलं ते घे. त्या काचेत डावं-उजवं उलटं दिसतं, मी सुलटं करून लिहिते. तू त्याच्या डाव्या खांद्यावर होतीस. तुझ्या अंगात पिवळं झबलं, एका हातात गुळाचा खडा, दुसऱ्या हातानं त्याचा कान धरलेला, गच्च. कान लाल झाला होता. त्याचा सदरा निळा, वरून दुसरं बटन नव्हतं. उन्हानं एक डोळा बारीक. वरच्या ओठावर डावीकडं तीळ, आरशात पाह्य, तुला हाय तिथंच. गुळाचा रस त्याच्या केसात गळून राहिला होता आणि त्याला ते कळत होतं, तरी तो हलला न्हाई. म्हणत होता, आई, हात हलवू नको, आणि हसून हसून तोच हलून राहिला होता. मी दाबलं. कटक. काल वाजलं तसंच.

रविवारी तुझी माय कॅमेरा घेऊन येईल. भात्याची दोन्ही भोकं बुजवली, आत नवा रोल हाय, झाकणावर काळी पट्टी लावली, ती काढू नको. एवढं पत्र मात्र उनात बसून वाचलंस तरी चालंल.

तुझीच आजी,
भागाबाई